अक्काच्या आवाजाची डबी

दुकानावर पाटी अजून अब्बांच्या नावाची आहे, ‘दस्तगीर रेडिओज’. रेडिओ घेऊन आता कुणी येत नाही. येतात ती कॉलेजची पोरं, गिटार पाठीला अडकवून, आणि सगळ्यांचं दुखणं एकच. "मॅडम, आवाज लो येतोय." मी विचारते, "लो गिटार आहे, का तू?" मग ती ओशाळून हसतात आणि गिटार काउंटरवर ठेवतात. मला राग पटकन येतो, तोंडही फटकळ आहे. अब्बा म्हणायचे, ही पोरगी गिऱ्हाइकाला आधी हाकलते आणि मग चहा पाजते.

काम तसं साधं आहे. गिटारीच्या लाकडाला आतून चिकटवलेली चकती असो नाहीतर माइक असो, त्यातून येणारा आवाज फार बारीक असतो. थेट मोबाइलला किंवा स्पीकरला जोडला तर खरखरीखाली दबून जातो. म्हणून मधे एक छोटी डबी ठेवायची. तिच्यात आठ पायांची एक आयसी, थोडे रेझिस्टन्स, थोडे कंडेन्सर, एक व्हॉल्यूम आणि चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी. डबी तो बारीक आवाज आधी अलगद मोठा करते आणि मग पुढं सोडते. पोरं तिला प्रीअँप म्हणतात. बॅटरी अशासाठी की बोर्डाची लाइट घेतली तर तिच्याबरोबर घुंऽऽ असा आवाज येतो, आणि आमच्याकडं शेजारच्या रानात मोटर चालू झाली की तो आणखी वाढतो.

कौसल्याअक्का दुकानात आली तेव्हा मी मोना नावाच्या एका मुलीच्या गिटारीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते. पितृपंधरवडा चालू होता. अक्काच्या मागं मानसिंगदाजी, तिचे मालक, हातात दवाखान्याची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभे होते.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. निमगाव केतकीत तिच्या माहेरचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. ती थोरली, मी धाकटी. माझ्या वेण्या तिनंच घातल्या आणि पाठीत धपाटेही तिनंच घातले. पुढं ती अंथुर्ण्याला दिली, मी अब्बांच्या या दुकानासाठी बारामतीत आले, पण माझ्या निकाहाच्या आदल्या दिवशी हळदीला ती आलीच. आमच्यातही हळद लागते आणि हळदीला गाणी लागतात. अम्मीकडच्या बायकांची गाणी संपली तशी अक्का पदर खोचून पुढं बसली आणि तिनं जी सुरुवात केली ती थांबेचना. मांडवाबाहेर भांडी घासणाऱ्या बायका हात तसेच राखेनं भरलेले घेऊन आत आल्या. त्या गाण्यांत तिनं माझं नाव गुंफलं, अब्बांचं गुंफलं, आमच्या गल्लीतल्या लिंबालासुद्धा सोडलं नाही. मी रडले होते आणि काजळ हळदीत उतरलं म्हणून तिनंच मला झापलं होतं.

आसपासच्या गावांत कुणाच्याही घरी लग्न निघालं की हळदीचा सांगावा आधी अक्काला जायचा. नवरी कुणाचीही असो, तिचं नाव आणि तिच्या घरची माणसं घेऊन अक्का तिथल्या तिथं गाणं रचायची. त्यातलं कुठं काही लिहून ठेवलेलं नाही.

तीच बाई आता माझ्या काउंटरपुढं उभी होती आणि तिच्या घशातून नुसता वारा येत होता. "अंजे, बरी हायस न्हवं?" हे मला तिच्या ओठांवरून कळलं, कानांनी नाही.

"काय झालं गं तुझ्या आवाजाला?" मी ओरडलेच. तिनं दाजींकडं बघितलं.

"घशात गाठ हाय," दाजी म्हणाले. "आमी समजत हुतो की बसलाय आवाज, उतरंल. हळद-दूध केलं, काढं केलं. आता पुण्याचं डॉक्टर म्हणत्यात, आवाजाची पेटीच काढाय लागंल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी दाखल व्हायचंय."

"आणि मग?"

"मग बोलणं बंद. फुडं कायतरी यंत्र लावून बोलता येतंय म्हणं. पर त्यो आवाज हिचा नसतुय."

मी मोनाची गिटार उचलून बाजूला ठेवली, स्टूल पुसलं, अक्काला बसवलं. एवढ्या दिवसांत मला कळवलं का नाही म्हणून दाजींना चार शब्दही सुनावले. दाजी मान खाली घालून ऐकत राहिले. अक्कानंच माझा हात धरून मला गप्प केलं आणि कामाचं बोलायला लावलं.

काम असं होतं. तिची एकुलती लेक उत्कर्षा. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. ऑपरेशन थांबवता येत नव्हतं आणि मुलाकडच्यांची सोय बघता लग्न अलीकडं आणता येत नव्हतं. म्हणजे लेकीच्या हळदीला अक्का असणार, पण तिचा आवाज नसणार. अक्का माझ्या कानाला तोंड लावून बोलली तेव्हा तिचा श्वास मला गरम लागला. "गावाच्या समद्या पोरींस्नी हळद लावली, अंजे. माझ्या पोरीची हळद मुकी जाऊ देऊ का?"

तिला आपली गाणी आधी म्हणून ठेवायची होती. हळदीच्या दिवशी ती मांडवात वाजवायची. एवढंच तिला हवं होतं.

"फोनवर धरून बघितलं," दाजी म्हणाले. "ती नुसतं बोलली तरी काय येत न्हाय. फॅन ऐकू येतोय, म्हस ऐकू येतीया, ही सोडून समदं ऐकू येतंय."

मोबाइलचं तसंच असतं. कुजबुज म्हणजे कचरा समजून तो ती पुसून टाकतो आणि वर स्वतःला शहाणा समजतो. मी दाजींना म्हटलं, "फोनच्या माइकवर न्हाय जमायचं. मी एक डबी करून देते. चांगला माइक अक्काच्या ओठाला लावायचा, माइक डबीत, डबी फोनात. बाकी कशाला हात लावायचा न्हाय."

ती डबी मी जशी केली तशी कुणाची केली नाही. पोरांना मी साधा माल वापरते, कारण त्यांच्या गिटारी दोन वर्षांत माळ्यावर जातात. अक्कासाठी अब्बांच्या लाकडी पेटीतून जपून ठेवलेले रेझिस्टन्स काढले, एकेक मीटरवर लावून जोड्या जुळवल्या. आयसी कमी खरखरीची मागवली. खोकं म्हणून माझ्या स्वयंपाकघरातला चपटा स्टीलचा डबा घेतला, कारण धातूच्या डब्यात बाहेरची घुंऽऽ शिरत नाही. डब्याच्या झाकणापर्यंत अर्थिंगची तार नेली आणि सोल्डरचे सगळे टाके भिंगाखाली तपासले. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या डबीत एकही टाका कच्चा नव्हता.

बटण ठेवलं नाही. बटणं धुळीनं सैल होतात आणि ऐन वेळी खरखरतात. त्याऐवजी माइकची पिन सॉकेटात शिरली की आतला एक पत्रा टेकतो आणि बॅटरी चालू होते. पिन काढली की बंद. लाल दिवाही ठेवत नाही, तो दिवाच आवाजापेक्षा जास्त बॅटरी खातो.

दोघं पुन्हा आले तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला, अक्काच्या हातात माइक दिला आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. व्हॉल्यूम हळूहळू वाढवत गेले. आधी तिचा श्वास आला. मग ओठ सुटल्याचा आवाज आला. आणि मग अक्का बोलली, "अंजे, किती वाळलीस गं. जेवतीस का न्हाय?"

आवाज चिरलेला होता, जागोजागी फाटत होता. पण तिची ती हेल काढायची ढब, ‘का न्हाय’वर वर जाणं, ते सगळं होतं. मी हेडफोन काढला आणि रडायला लागले. अक्का हसली. मग मला रडल्याचा राग आला आणि मी म्हटलं, "झालं, आता वेळ घालवायचा न्हाय. फोन जोडते, हितंच बस आणि म्हण समदं."

अक्कानं माइक खाली ठेवला.

"का गं?"

"पितराचं दिस हायत," ती म्हणाली. "लेकीच्या हळदीचं गाणं आत्ता तोंडातनं काढू? हितं, दुकानात?"

"अगं, तुझ्या पितरांना काय कळत नसंल का? त्यांनाबी लेकी असतील."

तिनं मान हलवली. मी दाजींना सांगितलं, दाजींनी तिला सांगितलं, तिनं पुन्हा मान हलवली. पंधरवडा संपला की घट बसणार. घट बसले म्हणजे देव बसले, आणि त्यांच्या घराण्यात घट उठल्याशिवाय लग्नकार्याचं काही काढत नाहीत. दसऱ्याला घट उठणार. दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. त्या दिवशी आंघोळ करून, देवीला हात जोडून, जात्यापाशी बसून ती म्हणणार होती. दुसऱ्या दिवशी पुणं.

"शेवटच्या दिवसावर ठेवतीस तू," मी चिडून म्हटलं.

"मुहूर्त हाय, अंजे. पोरीचं चांगलं व्हाय नगं का?"

मी डबीत नवी बॅटरी घातली आणि एक जास्तीची पिशवीत टाकली. दाजींना समोर बसवून दोनदा करून दाखवलं. "पिन घातली की चालू. काम झालं की पिन काढायची. पिन तशीच ऱ्हायली तर बॅटरी उतरंल, ध्यानात ठेवा."

"काम झालं की पिन काढायची," दाजी शाळेतल्या पोरासारखं म्हणाले.

नवरात्रात मला मान वर करायला फुरसत नव्हती. गल्लोगल्ली दांडिया आणि प्रत्येक मंडळाचा एक तरी स्पीकर फाटलेला. अक्काची आठवण यायची, पण ती दसऱ्यालाच गाणार हे ठरलेलं होतं, मग मधे फोन करून काय विचारायचं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचाच फोन आला. गाडी पाटसच्या पुढं गेली होती.

"म्हणलं, अंजुम! समदं म्हणलं," दाजी सांगत होते. इतका मोकळा आवाज मी त्यांचा बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "घाणा भरतानाचं म्हणलं, हळदीचं म्हणलं, पाठवणीचं म्हणलं. मधी दम लागायचा, पाणी प्यायची, फुडं म्हणायची. शेवटाला रगात आलं थोडं थुकीतनं, तरी थांबली न्हाय."

"कसं आलंय?"

"ऐकलं न्हाय अजून. ती ऐकू देत न्हाय. निवद आधी चाखत न्हाईत म्हणती. हळदीला आधी पोरीच्या कानावर पडू दे, मग तुमी ऐका."

"दाजी, आलंय का ते तरी बघायचं होतं."

"अगं, फोनवर आकडं पळत हुतं की! मी सवता बघत हुतो." मागून कुणीतरी त्यांना काही विचारलं आणि फोन बंद झाला.

ऑपरेशन नीट झालं. मी पुण्याला जाऊन आले. अक्काच्या गळ्याला पुढून भोक ठेवलं होतं, त्यातून ती श्वास घेत होती. मला बघितल्यावर तिनं आधी माझ्या दंडाला हात लावून मी वाळले आहे अशी खूण केली आणि मग कानाजवळ बोटं नेऊन भुवया उडवल्या. मी म्हटलं, "दाजींच्या फोनात हाय सगळं. घरी आलीस की पेनड्राइव्हवर घालून देते." ती उशीला टेकली आणि तिनं डोळे मिटले. बाकी कशाची तिला काळजी दिसली नाही.

मार्गशीर्ष लागला आणि दोघं पत्रिका घेऊन दुकानात आले. अक्कानं गळ्याभोवती मऊ पांढरा रुमाल बांधला होता. नवी साडी होती. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मला, असं दाजींनी सांगितलं आणि काउंटरवर अक्षता ठेवल्या. मग त्यांनी खिशातून फोन काढून दोन्ही हातांनी पुढं केला.

"चाखायचं न्हाय बरं का," ते हसत म्हणाले.

"मला चाखावं लागंल, दाजी. मांडवातल्या मोठ्या स्पीकरला लागंल असा आवाज सारखा करायचाय. अक्का, चालंल न्हवं?"

अक्कानं हसून परवानगी दिली. मी फाइल लॅपटॉपवर घेतली आणि हेडफोन लावला.

पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. बोललं की ती फुगते, गप्प बसलं की सपाट होते. या फाइलच्या अगदी सुरुवातीला रेघ थोडी फुगलेली होती. पुढं सपाट. मला वाटलं, पडदा नीट उघडला नाही. मी वाजवलं.

आधी कापडाची सळसळ आली. मग अक्का, अगदी कानाशी, "आवं, झालं का सुरू?" लांबून दाजी, "झालं. म्हण तू." अक्कानं घसा साफ केला. एक श्वास घेतला. "हळदीच्या…" म्हणेपर्यंत आवाज घरंगळला, चरचरला आणि विझला. त्यानंतर नुसतं फस्स असं वाजत राहिलं.

मी पुढं नेलं. फस्स. आणखी पुढं नेलं. व्हॉल्यूम टोकाला नेला, जेवढं येतं तेवढं सगळं करून बघितलं. जिथं ती पाणी प्यायली असेल, जिथं तिला दम लागला असेल, जिथं रक्त आलं असेल, ते सगळं त्या सपाट रेघेत कुठंतरी होतं, आणि ते मला सापडत नव्हतं. दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते. मी तोंड वळवून विचारलं, "दाजी, डबी आणलीय का?"

त्यांनी पिशवीतून डबी काढली. लाल खणात बांधलेली होती. खण सोडला तर स्टीलवर हळदी-कुंकवाची बोटं, झाकणाच्या कडेला वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. पिशवीच्या तळाशी मी दिलेली जास्तीची बॅटरी, तिचं प्लॅस्टिकसुद्धा न फोडलेली.

"लई जपली बघ," दाजी म्हणाले. "हिनंच ठेवली घटापाशी. घट बसवला त्या दिशी, माइक-बिईक समदं जोडून, देवीम्होरं मांडली. आवाज देवीनं दिलाय, तिच्याच पायाशी नऊ दिस ऱ्हाऊ दे म्हणाली. मला याद हुती तू सांगितल्याली, पर एकदा घटापाशी मांडल्यालं हलवत न्हाईत. कुणाला हात लावू दिला न्हाय. दसऱ्याला घट उठला तवाच उचलली, तारा काढून पुसली, आन् दुपारच्याला जोडली."

मी बॅटरी काढून मीटरला लावली. मीटर बघायची गरज नव्हती. नऊ दिवस पिन आत होती. नऊ दिवस ती डबी देवीपुढं जागी होती आणि समोर कुणी बोलत नव्हतं. दसऱ्याला तारा काढून ठेवल्या तेवढ्या वेळात दमलेली बॅटरी थोडी विसावली आणि जोडल्यावर दोन वाक्यांपुरती उठली. नंतर संपली, आणि फोनवर आकडे पळत राहिले.

मला संताप आला. खोटं कशाला सांगू? तोंडात शब्द तयार होते. पिन काढायला सांगितली होती ना? दोनदा दाखवलं होतं ना? त्या देवीला हळदी-कुंकू पुरलं नसतं का, तिला बॅटरीपण वाहायची होती? माझ्या तोंडून असे शब्द निघायला कधी वेळ लागत नाही. मी वळले तर अक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि तिनं पुन्हा तीच खूण केली. कानाजवळ बोटं, भुवया वर. कसं आलंय?

मांडणी तिनं केली होती. देवीच्या पायाशी ठेवायचं तिच्याच मनात आलं होतं. आता जर मी खरं बोलले असते, तर त्या बाईला उरलेला जन्म गप्प बसून तेवढंच आठवावं लागलं असतं. तिला ओरडून रडताही आलं नसतं.

"आलं न्हाय, अक्का," मी म्हटलं. "सुरुवातीचं थोडं आलंय. बाकी न्हाय. माझीच चूक. आतला एक टाका कच्चा ऱ्हायला. हलल्यावर सुटला."

दाजींना आधी कळलंच नाही. "म्हंजी? गाणी?"

"न्हाय आली."

"एकबी?"

"न्हाय, दाजी."

ते उभे राहिले. हा माणूस मी माझ्या लग्नाआधीपासून बघते आहे. त्यांनी बैलालासुद्धा कधी शिवी दिलेली मी ऐकली नाही. "एक टाका?" ते म्हणाले. "तुझं हेच काम न्हवं? कॉलेजच्या पोरांच्या गिटारी तेवढ्या वाजत्यात, आन् हिच्या टायमाला टाका कच्चा? आगं हिनं रगात थुकून म्हणलंय गं! तुझ्या हळदीला हिनं आख्खा दिस घसा फोडला हुता, त्याची तरी याद ठिवायची. पोरीला काय सांगू मी? काय सांगू मांडवात?"

रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. एका वाक्यात मला सुटता आलं असतं, आणि ते वाक्य जिभेवरून मागं ढकलताना माझा जबडा दुखायला लागला. दाजींनी पत्रिका उचलली, पुन्हा ठेवली. मग ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांची पाठ हलायला लागली.

अक्का रडली नाही. ती डबीकडं बघत होती. तिला काय कळलं आणि काय नाही, ते अल्ला जाणे. तिनं उठून दाजींच्या दंडाला धरून त्यांना वळवलं आणि माझ्यासमोर हात पसरला. हेडफोन दे.

"अक्का, काही न्हाय त्यात. कशाला ऐकतीस?"

हात तसाच राहिला. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला, तिची कर्णफुलं बाजूला केली आणि सुरुवातीपासून लावलं. तिचा चेहरा मी बघत होते. स्वतःचा आवाज आला तशी ती दचकली. मग खरखर लागली. मी बंद करायला गेले तर तिनं बोट फिरवलं. पुन्हा. मी पुन्हा लावलं. तिनं पुन्हा बोट फिरवलं. किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं की नाही हेही मला सांगता येणार नाही. लांबच्या गावाला गेलेलं माणूस फोनवर भेटल्यावर जसं ऐकतात, तशी ती ऐकत होती. मला मात्र सहन होत नव्हतं. मी टेबलाची कड धरून उभी होते.

मग तिनं हेडफोन काढला आणि दाजींच्या कानांवर चढवला. फेटा नव्हता, टोपी होती. तिनं टोपी काढून हातात घेतली आणि मला मानेनं खुणावलं.

मी लावलं.

हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. दाजी डोळे पुसत, जमिनीकडं बघत उभे होते. कानात अक्कानं विचारलं असणार, आवं, झालं का सुरू. आणि दाजी भरदुकानात, रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "झालं. म्हण तू."

म्हणाले आणि पुढचं ऐकायला थांबले. अक्का त्यांच्यासमोरच उभी होती, टोपी छातीशी धरून. तिनं तोंड उघडलं. तिचे ओठ हलायला लागले, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत, आणि उत्कर्षाचं नाव आलं ते मला त्या ओठांवर दिसलं. दाजींनी मान वर करून बघितलं नाही. त्यांना वाटत होतं, गाणं अजून यायचं आहे.